तुर्कांचं दही आणि बांधापलीकडची वाटी

तुमच्या घरात आज जे दही आहे, त्याचं विरजण पहिल्यांदा कोणाच्या घरून आलं, हे तुम्हाला सांगता येईल?

आजच्या दुधात कालच्या दह्यातला चमचा पडला. कालच्या दुधात परवाच्या दह्यातला. असं मागे मागे जात राहिलं, तर कुठेतरी एक दिवस असा लागतोच की तुमच्या घरात दही नव्हतं आणि तुमच्या घरचं कोणीतरी वाटी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं होतं. ते दार कोणाचं होतं? आणि कोणाचं असूच शकत नव्हतं? हे प्रश्न मला एका इंग्रजी शब्दामुळे पडले, आणि तो शब्दही इंग्रजांचा नव्हता. तो तुर्कांचा होता.

आमचं घर कडावजवळच्या एका गावाच्या बौद्धवाडीत. वडील कर्जतच्या रेल्वे यार्डात खलाशी होते. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव गेले, पण त्यांचा कोनाडा रिकामा राहिला नाही. तिथे पत्रकं आली. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांवर छापलेली, सभांहून आणलेली, घामाने ओली होऊन वाळलेली. वडील रात्रपाळीहून आले की आधी पत्रक वाचत आणि मग झोपत. मी अक्षरं जुळवायला त्याच कागदांवर शिकले. ‘बंधू-भगिनींनो’ हा मला अख्खा वाचता आलेला पहिला मोठा शब्द. आजही मी साधं काही सांगायला लागले तरी शेवटी आवाज चढतो, तो या वाचनाचा परिणाम आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

वडिलांचा एक नियम होता. गावाच्या दारात काही मागायचं नाही. त्यांच्या लहानपणी वाडीतल्या प्रत्येक घरातून कोणीतरी संध्याकाळी टोपली घेऊन गावात भाकरी मागायला जायचं. गाव त्याला वाडीचा हक्क म्हणायचं, आणि हक्काची भाकरी वरून टोपलीत टाकायचं. दीक्षेनंतर वाडीने ती टोपली कायमची खाली ठेवली. वडिलांनी तर हा नियम इतका लांबवर नेला की गावातून काडेपेटी नाही, मिठाचा खडा नाही, चुलीला विस्तवही नाही. जे लागेल ते दुकानातून आणायचं, नसेल तर त्याच्याशिवाय राहायचं.

मग घरात म्हैस आली. सकाळी मी किटली घेऊन कडावच्या डेअरीवर जायची. तिथे आमचं दूध, पाटलांकडचं दूध, वाण्याकडचं दूध एकाच कॅनमध्ये धो धो ओतलं जायचं. कोणी हरकत घेत नव्हतं. दूध मुंबईला जाणार, तिथल्या लोकांनी ते कोणाचं म्हणून कोणाला विचारायचं? मला त्या कॅनकडे बघत राहायला आवडायचं. जे गावाला विहिरीवर जमलं नव्हतं, ते त्या कॅनला रोज जमत होतं.

घरी थोडं दूध राहू लागलं तसं आईला दही लावावंसं वाटलं. आता दुधाचं दही व्हायला विरजण हवं, आणि विरजण दुकानात मिळत नाही. आमच्या वाडीत तेव्हा दुसरी दुभती म्हैस नव्हती. गावात मागायचं नाही. मग आईने काय केलं असेल? ती अॅल्युमिनियमचा डबा घेऊन कर्जतला गेली, तिथून खोपोलीच्या एस.टी.त बसली, पुढे खालापूरला उतरून मावशीच्या वाडीपर्यंत चालत गेली. मावशीकडे म्हैस होती. रात्रभर राहून दुसऱ्या दिवशी आई परत आली, डबा मांडीवर धरून. कंडक्टरने विचारलं होतं, “बाई, डब्यात सोनं हाय का काय? किती जपताय.”

“विरजान हाय,” आईने सांगितलं.

“विरजान? अख्ख्या कर्जत तालुक्यात दही लावायचं बंद झालं काय?”

सगळी गाडी हसली. घरी येऊन आईने ते हसत हसत सांगितलं. वडील हसले नाहीत. मीही नाही. मला त्यात आमचा स्वाभिमान दिसत होता. एक चमचा दह्यासाठी दोन तालुके ओलांडणारी आई मला एखाद्या मोर्चाच्या पुढे चालणारी वाटली होती.

मी कर्जतला अकरावीत असताना इंग्रजीच्या तासाला एक उतारा होता. कुठल्याशा लांबच्या डोंगरातले मेंढपाळ, त्यांचं मोकळं राहणं, आणि ते काय खाऊन इतकी वर्षं जगतात याची चर्चा. त्यात तो शब्द आला, योगर्ट. वर्गाने तो योघर्ट, योगुर्त, जमेल तसा वाचला. सर म्हणाले, “योगर्ट म्हणजे दही. पुढे चला.”

मी हात वर केला. “सर, दह्याला तर कर्ड म्हणतात. मागच्या वर्षी आम्हाला तेच शिकवलं.”

आमचे सर मला ‘पत्रकबाई’ म्हणायचे, कारण मी निबंधात सरळ मागण्या लिहायची. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “काय पत्रकबाई, आज दह्यावर निषेध?”

“निषेध नाही सर. एकाच वस्तूला दोन शब्द कशाला?”

सरांनी तास झाल्यावर मला काचेच्या कपाटापाशी नेलं. त्यात एक जाड इंग्रजी शब्दकोश होता, त्याची किल्ली फक्त त्यांच्याकडे असायची. त्यांनी पान उघडलं आणि बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं की शब्द तुर्की आहे. खाली त्याची जुनी स्पेलिंगं दिली होती, एकासारखं दुसरं नाही. सर म्हणाले, “तुर्की उच्चारात मधला ‘ग’ जवळजवळ गिळून टाकतात. योउर्त असं काहीतरी. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी जे इंग्रज प्रवासी तिकडे गेले, त्यांनी कानाला जसं आलं तसं लिहून आणलं. म्हणून हे सगळे अवतार.”

“पण इंग्रजांकडे गायी होत्या. दूध होतं, लोणी होतं.”

“होतं की. फाटलेल्या दुधाला त्यांचा कर्ड हा शब्दही होता. पण असं विरजून, भांडं हलवलं तरी न हलणारं, घट्ट झालेलं, चमच्याने कापता येणारं जे तुर्कांच्या घरी त्यांनी बघितलं, ते त्यांच्याकडे नव्हतं. वस्तू ज्याची, शब्द त्याचा. त्यांनी उचलला.”

“म्हणजे मागितला?”

सर थोडे हसले. “शब्द मागावा लागत नाही. घेतला तरी देणाऱ्याकडे तो राहतोच.”

हे वाक्य त्यांनी कपाटाला कुलूप लावता लावता म्हटलं, आणि ते चहाला निघून गेले. मी मात्र तिथेच उभी राहिले. घेतला तरी देणाऱ्याकडे राहतो. अशी आणखी कोणती वस्तू आहे? भाकरी राहत नाही. मीठ राहत नाही. विस्तव राहतो. आणि विरजण राहतं.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. ती तांदळाची उकड मळत होती.

“आई, इंग्रजांनी दही तुर्कांकडून घेतलं.”

“कोन तुर्क?”

“लांब राहतात. पूर्वी घोड्यांवर, मेंढरं घेऊन हिंडायचे. तोफ हा शब्द पण त्यांचाच आहे म्हणे, आणि आपल्या ताटात पडलेला तो चाकू पण.”

आईने चाकूकडे बघितलं. “मग तुर्कांनी विचारलं नाय का, परत कवा देनार म्हनून?”

सरांना माझी चिकाटी बहुधा आवडली असावी. मुंबईला गेले तेव्हा त्यांनी तिथल्या ग्रंथालयातून आणखी माहिती आणली. त्या शब्दाचा मूळ धातू घट्ट होणं, दाट होणं याचा आहे, आणि पीठ मळणं याचा तुर्की शब्दही त्याच कुळातला. मला हे फारच विचित्र वाटलं. मळायला हात लागतो, दह्याला हात लावला तर ते मोडतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, “दही कोनी मळत नाय गं. पन पीठ बी सुटं असतं आनि मळल्यावर एक व्हतं. दूध बी विरजानानं एक व्हतं. तसं म्हनत असतील.” मी ते सरांना सांगितलं. त्यांनी ते खरं की खोटं हे ठरवलं नाही. म्हणाले, “त्या धातूच्या आधी काय होतं, तुर्कांनी तो कोणाकडून घेतला, हे मला सापडलं नाही. पुस्तक तिथे थांबतं.”

पुस्तक थांबलं की माझं डोकं चालू व्हायचं. पहिलं दही कोणी लावलं असेल? त्याच्याकडे विरजण कुठून आलं? आणि मराठीत उत्साहावर विरजण पडलं असं का म्हणतात? विरजणाने दुधाचं काही बिघडत नाही, ते टिकाऊ होतं. हा वाक्प्रचार नक्कीच दुधाच्या बाजूच्या माणसाने काढलेला असणार, ज्याला दूध शुद्ध राहावं अशी फार काळजी होती.

पुढच्या उन्हाळ्यात म्हैस आटली. दूध बंद झालं तसं दहीही बंद झालं आणि मावशीचं विरजण संपलं. ऐन श्रावणात म्हैस व्याली. पहिल्या दिवसांचा चीक आईने वाडीत घरोघर वाटला. दूध सरळ झालं तसा तिने मावशीला निरोप धाडला. उत्तर आलं की मावशीने म्हैस विकली, तिच्याकडेही आता दही नाही.

आता काय? आमच्या शेताच्या तुकड्याला लागून ज्यांचं शेत होतं, गावातल्या त्या घरातली काकी आणि माझी आई, दोघींचा बांध एक. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत दोघी आपापल्या बाजूला वाकलेल्या, आणि बोलणं मात्र सरळ बांधावरून चाललेलं. काकीच्या गुडघ्याचं दुखणं, तिच्या लेकीचं सासर, आमच्या म्हशीची लाथ, माझं शिक्षण. माझ्या आईला त्या बाईचं जेवढं माहीत होतं, तेवढं तिच्या नवऱ्यालाही नसेल. पण इतक्या वर्षांत बांधावरून फक्त शब्द गेले होते. वस्तू एकही नाही, इकडून तिकडे नाही आणि तिकडून इकडे नाही. काकीकडे दोन म्हशी होत्या. दही रोजचं.

आई म्हणाली, “मी वैनीकडं मागते.” काकीला ती वैनी म्हणायची.

मी म्हणाले, “अजिबात नाही.” आणि मी विरजणाशिवाय दही लावून दाखवायचं ठरवलं. पहिलं दही कोणीतरी विरजणाशिवायच लावलं असणार ना? मग मला का जमू नये? मी ऐकून ठेवलेले सगळे उपाय केले. लिंबू पिळलं तर दूध फाटून त्याचं पाणी वेगळं आणि गोळे वेगळे झाले. चांदीचं नाणं टाकून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी नाणं चकचकीत होतं आणि दूध आंबूस. हिरव्या मिरच्यांची देठं घालून केलेलं मात्र जरा जमल्यासारखं दिसलं. पण चमचा घातला तर तारा ओढल्या गेल्या, आणि तोंडात घातल्यावर मिरची आधी लागली. वडिलांनी ते बोटाने चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “पत्रकात लिवलं नाय वाटतं, कसं लावायचं ते?”

आईने भांडं घासायला टाकलं. तिच्या पाठीकडे बघून मला कळलं की तिला दही इतकं हवं नव्हतं. तिला मागायचं होतं. त्या एका घरी, त्या एका बाईकडे. वीस वर्षं बांधावरून बोललेलं खरं होतं की नुसता वेळ घालवणं होतं, हे तिला बघायचं होतं. नकार आला तर उद्यापासून त्या बांधावर वाकून मुकाट्याने आवणी करावी लागणार होती, तेही तिला माहीत होतं.

त्या दिवशी मी बाजू बदलली. पत्रकं वाचणारा माणूस बाजू बदलत नाही असं लोकांना वाटतं. तो बदलतो, फक्त त्याला कारण छापील लागतं. माझ्याकडे शब्दकोश होता.

“आबा,” मी वडिलांना म्हणाले, “टोपलीतली भाकरी आपल्याला कधी परत करता आली होती का?”

“आमची भाकर कोन घेनार व्हतं?”

“तेच म्हणते. ती घेतली की आपण खाली आणि ते वर. विरजण तसं नाही. आज घेतलं की उद्या आपल्याकडेही तेवढंच होतं. परत देता येतं. आणि इंग्रजांनी नाही का तुर्कांकडून घेतलं?”

वडील उठून बसले. “इंग्रज? ज्यांनी आपल्यावर राज केलं ते?”

“तेच.”

“ते वाटी घेऊन तुर्काच्या दारात गेले?”

“वाटी नाही, शब्द घेतला. त्यांच्या शब्दकोशात अजून छापतात, हा आमचा नाही, तुर्कांचा आहे म्हणून.”

त्यांना ते फार आवडलं. त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं. इंग्रज मान्य करतात म्हणजे काय, छापतात! पण मग त्यांचा चेहरा उतरला. “देतील एक वेळ,” ते म्हणाले, “पन तू परत द्यायला गेलीस तर घेतील का गं?”

मी शब्दकोशाचं ते पान मनात परत चाळून बघितलं.

“तुमचं ठरंस्तवर दूध निवंल,” आई म्हणाली, आणि आमची स्टीलची वाटी घेऊन ती बाहेर पडली. मी मागे धावले. संध्याकाळ उतरत होती. आम्ही बांधावरून गेलो. काकी ओटीवर होती, आणि तिने नुकताच दिवा लावला होता. तिची सासू आत खोकत होती.

“वैनी,” आई अंगणाच्या कडेला थांबून म्हणाली, “विरजान पायजे व्हतं चमचाभर.”

काकी आईकडे बघत राहिली. मग वाटीकडे. मग मागे, घरात.

“आत्ता?” ती म्हणाली. “दिवा लागला गं.”

“मग?”

“दिवा लागल्यावर दही देत नाय आमच्यात.”

“बरं,” आई म्हणाली आणि वळली.

मी बांधावरच फुटले. “बघितलंस? बहाणा आहे हा! दिव्याचा काय संबंध? सरळ सांगायची हिंमत नाही म्हणून दिवा!” माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला होता.

“ओरडू नगं. आपल्यात बी देत नाय,” आई म्हणाली. “तुझी आजी दिव्यानंतर मीठ बी द्यायची नाय.”

“मग तुला हे माहीत होतं, तरी तू आत्ता का आलीस? दुपारी का नाही आलीस?”

आई चिखलातून पाय काढत पुढे गेली. पुढच्या बांधावर थांबून म्हणाली, “नाय म्हनायची येळ आली तर तिला दिवा सापडावा म्हनून.”

तिने वेळ मोजूनमापून निवडली होती. काकीला द्यायचं नसेल तर तिला नकार द्यावा लागू नये, रिवाज पुढे करता यावा, आणि दुसऱ्या दिवशी दोघींना पुन्हा बांधावर बोलता यावं. हे तिने एकटीने ठरवलं होतं. मला ते आजही पटत नाही. पण असं काही मी कुठल्याच पत्रकात वाचलेलं नव्हतं, हेही खरं.

सकाळी आई म्हशीखाली बसली होती. मी बाजूला रेडकू धरून उभी. बांधावरून काकी आली. डोक्यावर पदर, हातात पितळी वाटी, वर केळीच्या पानाचा तुकडा. आमच्या गोठ्यापर्यंत ती पूर्वी कधीच आलेली नव्हती.

“घे गं. काल दिवा लागला व्हता,” ती म्हणाली.

आईच्या दोन्ही हातांत म्हशीचे सड, गुडघ्यांत भांडं. तिला उठता येईना. काकीने इकडेतिकडे बघितलं. गोठ्यात एक दगड होता, त्यावर वाटी ठेवता आली असती, आणि मी त्या दगडाकडेच बघत होते. ती दगडापर्यंत गेली नाही. तिने वाटी माझ्या हातात दिली. तिची बोटं गार होती.

“कवडीवानी घट्ट लागलंय चांगलं,” ती म्हणाली. “दूध जास्त तापवू नगा.” आणि गेली.

ती खरंच दिव्यामुळे थांबली होती, की रात्रभर तिने विचार केला, की सासूचा डोळा चुकवायला तिला सकाळ लागली? मी हे कितीदा तरी मनात फिरवलं आहे. विचारलं मात्र नाही. तिलाही नाही आणि आईलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दही असं लागलं की आईने भांडं तिरपं करून सगळ्यांना दाखवलं. वडील दोनदा भात घेऊन बसले. आणि मग ती पितळी वाटी राहिली. वाटी रिकामी परत देत नाहीत, हा रिवाज आमच्यात आहे आणि त्यांच्यातही. आईने ती घासून, आमचं दही घालून, त्यावर तसंच केळीचं पान झाकून दुपारी नेली. या वेळी दिवा नव्हता. सासू ओटीवर पाय पसरून बसली होती.

काकी म्हणाली, “ठेव तिथं.” तुळशीच्या कठड्याकडे बोट दाखवून.

आईने ठेवली आणि आली. वडिलांनी विचारलं, “घेतलं?”

“ठेवलं,” आई म्हणाली.

त्या दह्याचं काय झालं, मला माहीत नाही. पोरांनी खाल्लं असेल. रेडकाला पाजलं असेल. सासूने ओतून दिलं असेल. बांधावरचं बोलणं चालू राहिलं, गुडघ्याचं आणि लेकीचं, आणि वाटीबद्दल कोणीच काही बोललं नाही. मी मात्र रोज विचार करायची. इंग्रजांनी तुर्कांचा शब्द घेतला हे पुस्तकात आहे. तुर्कांनी इंग्रजांच्या हातचं काय खाल्लं, हे त्या पानावर नाही. शब्द एकाच बाजूने गेला तर त्याला देवाणघेवाण म्हणायचं का?

उत्तर मिळायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. काकीच्या दोन्ही म्हशी एकाच सुमारास आटल्या, त्यातली एक उन्हाळ्याच्या शेवटी व्याली. आमची तेव्हा दुधात होती. एके दुपारी मागच्या पडवीचं दार वाजलं. बघते तर काकी. पदराखाली काहीतरी झाकलेलं. तिने पदर बाजूला केला. तीच पितळी वाटी.

“हाय का गं चमचाभर?” तिने आईला विचारलं. “माझं विरजान संपलं.”

आई म्हणाली, “घे की. दिवा कुठं लागलाय अजून.”

दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की काकीला भिंत धरावी लागली. मग डोळे पुसून काकी म्हणाली, “मागच्या वर्साचं तुमचं दही गोड व्हतं. सासूबाईंनी बी चाटलं. त्यांना मी सांगितलं नाय कुठलं ते.”

म्हणजे ते खाल्लं होतं. न सांगता खाल्लं होतं.

आईने वाटी भरून दिली. काकी पुन्हा पदर सावरून मागच्या दाराकडे वळली, आणि माझ्याने राहवेना. “काकी, पुढच्या दारानं जा की. रस्त्यावरनं. वाटी हातात धरून.”

ती थांबली. “आनि?”

“आणि काय, लोकांना दिसू दे.”

“गप गं,” ती म्हणाली, “ती तुझी पत्रकं वाटायची वाट हाय. मला बांधाची वाट बरी.” पण लगेच गेली नाही. वाटीवरचं पान तिने नीट केलं, उगाचच. मग बांधावरून निघून गेली, पदराखाली आमचं दही घेऊन.

आई त्या दिवशी फार खूश होती. तिने तिचं उत्तर मिळवलं होतं. वीस वर्षांचं बोलणं खरं ठरलं होतं. मी खूश होते आणि नव्हतेही. त्या घरात आज जे दही लागतं, ते आमच्या घरचं आहे, आणि आमचं त्यांच्या घरचं, आणि त्याआधीचं कोणाचं ते कोणीच सांगू शकत नाही, पुस्तकातला शब्द जसा तुर्कांपाशी येऊन थांबतो तसं. पण शब्दकोशात निदान छापलेलं आहे की हा शब्द आमचा नाही, दुसऱ्याकडून आला आहे. छापायला त्यांना लाज वाटली नाही. पदराखाली घातला नाही. राज्य करणाऱ्या इंग्रजांकडून शिकण्यासारखं मला जे थोडं सापडलं, त्यातलं हे एक आहे.

म्हणून तुम्हाला एक सांगणं आहे. ज्यांच्या घरच्यांनी एके काळी कोणाच्या टोपलीत वरून भाकरी टाकली, त्यांना हे खास सांगणं आहे. आज दूध तापवाल तेव्हा घरातलं विरजण वापरू नका. एक वाटी घ्या आणि ज्या घरी तुमच्याकडचं कोणी कधीही काही मागायला गेलेलं नाही, त्या घरी जा. पुढच्या रस्त्याने जा, वाटी झाकू नका. आणि दिवे लागायच्या आत जा.